चौदाव्या सेकंदाची शिट्टी

गोकुळने हेडफोन उलटा करून घातला, डावी बाजू उजव्या कानावर, आणि तुकडा पुन्हा चौदाव्या सेकंदावर नेऊन सोडला. खालचा घुमारा आला, त्यावर ठोके आले, मग त्याने आठवडाभर खपून रचलेला तो लांब सूर. शिट्टी काही आली नाही.

ग्रुपवर मात्र चौघांनी तेच लिहिलं होतं. 'चौदाव्या सेकंदाला शिट्टी सुरू होते ती काढा, कानात सुई टोचल्यासारखं होतं.' पुण्याच्या प्रथमेशने तर लिहिलं होतं, 'बाकी झकास, पण शिट्टीपायी शेवटपर्यंत ऐकवलं नाही.'

ग्रुपमध्ये साठेक माणसं होती. कुणी बँकेत, कुणी शाळेत, सगळे हौशी. लॅपटॉपवर आवाज घडवायचे, एकमेकांना ऐकवायचे, चुका दाखवायच्या आणि आवाज बनवायची फुकटची साधनं वाटून घ्यायची, एवढाच त्यांचा धंदा. गोकुळ सिल्वासाजवळ मसाटला धाग्याच्या कारखान्यात ऑपरेटर होता. अमळनेरकडून आला त्याला अकरा वर्षं झाली होती. मशीनचा घुमारा फोनवर घेऊन त्याचंच संगीत करणारा तो एकटाच होता, म्हणून ग्रुपवर त्याला मान होता. तिथे त्याला मशीनवाले गोकुळभाऊ म्हणत.

त्याने हेडफोन बदलला. फोनच्या स्पीकरवर लावून पाहिलं. चौघांनी मिळून आपली चेष्टा चालवली आहे की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. शेवटी रविवारी सकाळी लॅपटॉप पाठीला लावून तो सिल्वासात जयवंत सरांच्या क्वार्टरवर गेला. सर मूळचे मालवणकडचे, सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांनीच त्याला ग्रुपमध्ये घेतलं होतं.

सरांनी तुकडा लावला आणि चौदाव्या सेकंदाला त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"आहे रे. चांगली ठळक आहे."

त्यांनी आवाजाचं चित्र दाखवणारं साधन उघडलं. खाली घुमाऱ्याचा जाड पट्टा, मध्ये ठोक्यांचे ठिपके, आणि वर, आठ हजार हर्ट्झच्या खुणेवर, एक बारीक पांढरी रेघ. चौदाव्या सेकंदाला सुरू होऊन ती थेट शेवटपर्यंत गेली होती.

"ही बघ."

"दिसते," गोकुळ म्हणाला.

"आणि ऐकू?"

गोकुळने नाही म्हणून मान हलवली. सरांनी जरा विचार केला, मग मोठे स्पीकर जोडले.

"एक सूर खालून वर नेतो. ऐकू येईल तोवर हात वर ठेव."

गोकुळने शाळेतल्यासारखा हात वर केला. सूर चढत गेला, बारीक होत गेला, केसाएवढा झाला आणि संपला. त्याने हात खाली घेतला आणि पुढच्या सुराची वाट पाहत बसला. सरांचं बोट अजून कळीवरच होतं.

"लावा ना सर पुढचा."

स्वयंपाकघरातून सुनंदावहिनी आल्या. एक हात पिठाचा, दुसरा कानावर दाबलेला.

"अहो, बंद करा ते. डोकं उठलं माझं."

गोकुळने वहिनींकडे पाहिलं, मग स्पीकरकडे पाहिलं. त्याच्यापुरता खोलीत फक्त पंखा चालू होता. सरांनी बोट उचललं. वहिनींचा हात कानावरून खाली आला, त्यावरून त्याला समजलं की आवाज थांबला.

"चहा घेऊनच जा," वहिनी म्हणाल्या. चहा झाला. सरांनी ती रेघ कशी कापायची ते दाखवलं. डोळ्यांनी बघून कापता येते, कान लागत नाही, असं म्हणता म्हणता ते मध्येच थांबले.

मंगळवारी त्याने कान तपासून घेतले. डॉक्टरांनी कागदावरचा उतरता आलेख त्याच्याकडे फिरवला. गेलं ते परत येत नाही, म्हणाले. आता राहिलेलं जपायचं, जमलं तर खातं बदलून घ्या. त्याने इन्चार्जला विचारलं. "पॅकिंग में जगह नहीं है, देखेंगे," इन्चार्ज म्हणाला. बोलताना त्याने नजर वर केली नाही, आणि गोकुळलाही त्यात नवल वाटलं नाही. पहिल्या पाळीला तो पुन्हा त्याच मशीनवर उभा राहिला.

घरी त्याने रेघ कापली आणि बायकोला, कावेरीला, हेडफोन दिला. ती मेथी निवडत बसली होती. पदराला हात पुसून तिने ऐकलं.

"शिट्टी काढली का?"

"तुला ऐकू येत होती?"

"पहिल्यापासून. मागच्या दोन गाण्यांतबी होती. मला वाटलं, तुमच्या मशीनचीच असंल, मुद्दाम ठेवलीय." ती थांबली. "काय झालं?"

"काही नाही. चुकून राहिली होती."

ग्रुपवर सगळ्यांनी आता साफ झालं म्हणून अंगठे दिले. गोकुळने तुकडा स्वतः ऐकला. त्याला तो आधी होता तसाच वाटला.

दोन दिवसांनी चेतनने आपला पहिला तुकडा टाकला. चेतन नंदुरबारचा, राखोलीला धाग्याच्याच कारखान्यात नवा लागला होता. खाली त्याने लिहिलं होतं, 'गोकुळभाऊंनी सांगितलं होतं तसं केलं. कानातले प्लग काढून मशीनला कान लावला, खरा सूर कुठे आहे ती जागा शोधली. रोज अर्धा तास. भाऊ, सांगा कसं झालंय.'

गोकुळ मागचे संदेश वर सरकवत गेला. दीड वर्षापूर्वीचं त्याचंच लिहिणं सापडलं. प्लग घालून मशीन कळत नाही, कान उघडा ठेवा, मशीन गाते. खाली सव्वीस जणांची दाद होती. त्याने ते पुसायला बोट दाबून धरलं. इतक्या जुन्या संदेशाला फक्त स्वतःपुरतं पुसायची सोय उरली होती.

त्याने चेतनचा तुकडा लावला. घुमारा चांगला धरला होता. पुढे पुढे तो पातळ होत गेला आणि शेवटची वीस सेकंदं कोरीच होती. ग्रुपवर मात्र त्या शेवटाचंच कौतुक चाललं होतं. त्याने हेडफोन कावेरीकडे दिला.

"कसंय?"

ती ऐकत राहिली. त्याच्या लेखी तुकडा संपून गेला तरी ऐकत राहिली.

"चांगलंय ना. शेवटी बारीक घुंगरं वाजतात. लांब कुठंतरी वाजल्यासारखी."

गोकुळने ग्रुपवर न लिहिता चेतनला वेगळं लिहिलं. 'मी चुकीचं सांगितलं होतं. मशीनपाशी प्लग काढत जाऊ नको. माझे कान गेले आहेत.' शेवटचं वाक्य त्याने पुन्हा वाचलं, पुसलं आणि बाकीचं पाठवलं.

उत्तर लगेच आलं. 'बरं भाऊ. पण प्लग घालून ती जागा सापडत नाही, तुम्हीच म्हणायचे. शेवटची घुंगरं ऐकली का?'

कावेरीने हेडफोन काढून बाजूला ठेवला होता आणि आजची मेथीची जुडी सोडायला घेतली होती.

त्याने लिहिलं, 'ऐकली.'