सिद्धीची पट्टी आणि प्रणीतचा इंच

महादेवपुऱ्यातल्या त्या सोसायटीच्या गणपतीत मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरायचं आणि परीक्षक ठरलेला असायचा, प्रणीत. कारण एवढंच, की सोसायटीतला सर्वांत मोठा कॅमेरा त्याच्या गळ्यात असे. त्या कॅमेऱ्यानं तो गच्चीवरच्या कबुतरांचे फोटो काढी आणि छायाचित्रणातला जाणकार म्हणून मिरवी.

वासुदेवरावांची उभी हयात निपाणीच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली होती. पोरांनी तीच शंका दहादा विचारली तरी ते कंटाळत नसत. मोठ्यांच्या बाबतीत मात्र त्यांचा धीर पहिल्याच वाक्याला सुटे.

यंदा त्यांच्या नातीनं, सिद्धीनं, एक बिघडलेला कॅमेरा उघडून मांडला होता. चित्र टिपणाऱ्या सेन्सरपाशी तिनं पाटी लावली होती: ‘याला एक इंचाचा सेन्सर म्हणतात. मी मोजला. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत फक्त सोळा मिलिमीटर भरतो. इंच पंचवीस मिलिमीटरचा असतो.’

प्रणीतनं पाटी वाचली आणि तो हसला.

“बेटा, तुझं मेजरमेंट चुकलंय. अख्खी इंडस्ट्री याला वन इंच म्हणते. पाटी चेंज कर, नाहीतर एन्ट्री बाद.”

सिद्धीचा चेहरा उतरला. तिनं पट्टी पुढे केली. “काका, तुम्हीच मोजा ना.”

“मोजायचं काय त्यात? हे बघ.” त्यानं फोन तिच्या नाकासमोर धरला. जाड अक्षरांत ‘एक इंच’ झळकत होतं.

“आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलंय ते?” वासुदेवरावांनी विचारलं.

खाली लांबी-रुंदी होती. तेरा पूर्णांक दोन, आठ पूर्णांक आठ. मिलिमीटर. प्रणीतनं फोन खिशात टाकला.

“पट्टी लोकल असेल हिची.”

“सरी, बरं तर,” वासुदेवराव कानडी मिसळत म्हणाले, “तुमच्याकडे परदेशी इंच असेल तर आणा. आम्ही थांबतो.”

सिद्धीनं आजोबांची बाही ओढली. “पण मग एक इंच का म्हणतात?”

तिच्याकडे वळताच त्यांचा आवाज मऊ झाला. “पूर्वी टीव्हीच्या कॅमेऱ्यात काचेची नळी असायची, बाळ. नळीची बाहेरची जाडी एक इंच, पण चित्र उमटायचं ते आतल्या लहानशा भागावर. नळ्या गेल्या, नाव तेवढं राहिलं.”

“एक्झॅक्टली!” प्रणीत उसळला. “मी हेच म्हणत होतो. ते नाव आहे, माप नाही!”

“मघाशी माप होतं. मग पोरीचं मोजणं चुकलं कुठे?”

प्रणीतनं घड्याळ पाहिलं. “काका, आर्ग्युमेंट नको. आरतीपर्यंत पाटी बदललेली दिसली पाहिजे.”

तो गेला. सिद्धीचे डोळे भरून आले होते. “आजोबा, बदलू?”

“मोजण्यात चूक सापडली तर जरूर बदल.”

तिनं नाक पुसलं, वाकून पुन्हा मोजलं. सोळाच. मग स्केचपेन उघडून नळीची गोष्ट पाटीवर लिहिली आणि पट्टी दोऱ्यानं टेबलाला बांधली.

आरती झाली. बक्षीस खाण्याचा सोडा फसफसवणाऱ्या ज्वालामुखीला मिळालं. सिद्धीच्या टेबलावर ‘बाद’ अशी चिठ्ठी लागली. तरी प्रसाद घेऊन परतणारी पोरं तिथंच रेंगाळली आणि पट्टीसाठी ढकलाढकली करू लागली.

सिद्धीनं चिठ्ठी काढली नाही. तिच्याखाली एक ओळ लिहून आजोबांना दाखवली.

‘परीक्षकांनी मोजला नाही.’

वासुदेवरावांनी ती नीट वाचली. “बरोबर,” ते म्हणाले. “राहू दे.”