शंभररावांचं वजन घटत नाही

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे शंभरराव म्हणत, कारण त्यांचं वजन बरोबर शंभर किलो होतं. नव्याण्णव नाही आणि एकशे एकही नाही. सोळा वर्षं त्यांनी कोंबडी खाल्ली, मटण खाल्लं, मधे एकदा तापानं पंधरा दिवस अंथरूण धरलं, पण बरे होऊन उठले ते शंभरच. माणसं आपल्या मिशांचा अभिमान बाळगतात, शंभरराव वजनाचा बाळगत. आणि तो अगदीच फुकाचा नव्हता, कारण त्या वजनावर त्यांचा धंदा चालत होता.

मोठा काटा तपासायचा तर त्यावर वीस-वीस किलोची पाच लोखंडी मापं ठेवतात. आकडा शंभर आला की काटा खरा. पण ती मापं घेऊन जिने चढायचे म्हणजे कंबरडं मोडायची वेळ. एकदा शंभरराव मापं घरी विसरले म्हणून स्वतःच काट्यावर उभे राहिले, आणि त्या दिवसापासून पाचही मापं दुकानामागच्या खोलीत गंजत पडली. पार्सल ऑफिस असो, लाँड्री असो, भंगारवाला असो, शंभरराव काट्यावर चढायचे, श्वास रोखायचे, आकडा कमी आला तर स्प्रिंगचा स्क्रू पिळायचे, जास्त आला तर सैल करायचे आणि उतरताना "झालं!" म्हणायचे. सोळा वर्षांत एकाचीही तक्रार नव्हती.

मग ताईचं दुखणं आलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि हे पाच. वेणीफणी करायच्या वयात तिनं या पोराचं नाक पुसलं, अभ्यास घेतला, प्रसंगी धपाटे घातले. पन्नाशीतल्या या धिप्पाड माणसाला ती अजूनही बारक्याच म्हणायची. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाली आणि दोनच वर्षांत तिच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा इस्पितळात जायचं, चार-चार तास यंत्राला जोडून पडायचं, घरी येऊन पुन्हा पडायचं. जवळच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. किडनी जुळली ती एकट्या बारक्याची.

"मग काढा की," शंभरराव डॉक्टरबाईंना म्हणाले. "आत्ता काढा, मी रिकामाच आहे."

"आधी त्या काट्यावर उभे राहा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काट्यानं शंभर दाखवलं. शंभररावांनी सवयीनं कौतुकाची मान हलवली. डॉक्टरबाईंनी हलवली नाही. "नव्वदच्या खाली या. चार महिने देते. एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही, आणि मागे राहणाऱ्या एका किडनीवर एवढा भारही टाकणार नाही. मांसमच्छी पूर्ण बंद. भाज्या, डाळी, फळं. आणि रोज चालायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ताईंचं नाव यादीत आहे. पण यादी फार लांब आहे."

सोळा वर्षं मिरवलेलं वजन असं आडवं येईल हे शंभररावांच्या स्वप्नातही नव्हतं.

"बारक्या पालेभाज्या खाणार?" ताईनं ऐकल्यावर डोळे मोठे केले. "मग बकऱ्यांनी काय खायचं?"

"वन्सं, बकऱ्या खूश आहेत," शंभररावांची बायको म्हणाली. "यांनी मटण सोडलं म्हणजे त्यांच्या चार पिढ्या जगल्या."

बायकोनं दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचा कारभारच बदलला. दुधी आला, कोबी आला, पालक आला, मसूर आणि मूग आले. पहिला आठवडा शंभरराव शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या चेहऱ्यानं ताटावर बसत. दुसऱ्या आठवड्यात रस्त्यानं जाताना कुणाच्या खिडकीतून परतलेल्या कोंबडीचा वास आला की पाय आपोआप जड होत. तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी त्यांनी भाजलेलं वांगं दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली, मग दचकून बायकोकडे पाहिलं. "हे बाहेर कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात पार्सल ऑफिसातला काटा तपासायची पाळी आली. शंभरराव चढले. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"दोन किलो मागे आहे तुमचा काटा," ते म्हणाले.

"कालपर्यंत तर बरोबर होता," तिथला कारकून म्हणाला.

"काटे असेच असतात. काल बरे, आज बिघडले." त्यांनी स्क्रू पिळला, पुन्हा चढले, शंभर आला. "झालं!"

आता म्हणाल, या माणसाच्या डोक्यात इतका साधा हिशोब कसा आला नाही? तर त्याला कारण होतं. शंभररावांनी उभ्या आयुष्यात खोटं बोलणारे हजार काटे पाहिले होते, स्वतःचं वजन मात्र कधी हललेलं पाहिलं नव्हतं. शिवाय त्यांचा एक नियम होता, तो ते सगळ्यांना ऐकवत: जो काटा आपल्या मनासारखं बोलतो, त्याच्यावर आधी संशय घ्यावा. अठ्ठ्याण्णव हा आकडा त्या क्षणी त्यांना इतका हवा होता, की तो खरा असेल यावर विश्वास ठेवायची हिंमतच झाली नाही. ताईच्या जिवाचा प्रश्न होता, तिथे स्वतःला फसवून चालणार नव्हतं. घरी येऊन ते घराला लागूनच असलेल्या दुकानातल्या काट्यावर चढले. तिथेही अठ्ठ्याण्णव! म्हणजे हाही मागे पडला, असं म्हणून त्यांनी तोही पिळला.

पुढच्या आठवड्यात लाँड्रीच्या काट्यानं सत्त्याण्णव दाखवलं. पिळला. खात्री करायला ते पुन्हा पार्सल ऑफिसात गेले, तर मागच्याच आठवड्यात दुरुस्त केलेला काटा नव्याण्णववर! तोही पिळला. "स्प्रिंगा हल्ली चांगल्या येत नाहीत," असं त्यांनी कारकुनाला सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण सगळ्यांना ठाऊक असते, पण इथे माणसाला उत्तम नाचता येत होतं आणि तरी तो अंगणच खणत सुटला होता.

बायकोला मात्र काहीतरी दिसत होतं. "अहो, पट्ट्याला हे तिसरं भोक पाडलंय मी."

"चामडं सैल पडतं."

"आणि शर्ट का लोंबतोय खांद्यावरून?"

"तुझ्या धुण्यानं."

"धुण्यानं कपडे आटतात, मोठे होत नाहीत!"

"हल्लीचं कापड," शंभरराव म्हणाले आणि काकडी खाऊ लागले.

इकडे गावात गंमत सुरू झाली. पार्सल ऑफिसात लोकांची खोकी जड भरू लागली आणि माणसं काउंटरवरच खोकी उघडून बूट, डबे, पुस्तकं बाहेर काढू लागली. लाँड्रीवाला गिऱ्हाइकांना विचारायचा, "ओले कपडे आणलेत का?" व्यायामशाळेतला काटाही शंभररावांनी मागे पिळलेला; तिथल्या मास्तरांचा तर निरोपच आला की आमच्याकडच्या बायकांचं वजन वाढतंय, ताबडतोब या. शंभरराव गेले. भिंतीशी आठ-दहा बायका घाम पुसत उभ्या होत्या आणि काट्याकडे सवतीकडे पाहावं तसं पाहत होत्या. शंभरराव चढले. आकडा आला सत्त्याण्णव.

"तुमचा काटा जास्त नाही, उलट तीन किलो कमी दाखवतोय," ते म्हणाले आणि स्क्रू पिळला.

त्या बायकांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती पाहून मास्तरांनी त्यांना मागच्या दारानं बाहेर काढलं.

तिसरा महिना संपला तेव्हा शंभररावांचा धीर सुटला. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणं, रोज डाळ-पाला, आणि रोज सकाळी दुकानातला काटा तोच शंभर दाखवायचा. नाही दाखवला, तर ते त्याला दाखवायला लावायचे. एके दुपारी ते एका खाणावळीत शिरले आणि कोंबडीचं ताट मागवलं. ताट आलं. त्यांनी रस्सा ढवळला, तुकडा हातात घेतला, आणि त्यांना ताई दिसली, खुर्चीत मान टाकून, हाताला नळ्या. तुकडा त्यांनी परत ठेवला. डोळे पुसून वाढप्याला म्हणाले, "बाबा, हे ने, आणि उसळ असेल तर दे." वाढप्याला वाटलं, रस्सा फार तिखट झाला.

चौथ्या महिन्याच्या शेवटच्या सकाळी दुकानातल्या काट्यावर शंभर बघूनच ते निघाले. ताईला घेऊन इस्पितळात पोचेपर्यंत त्यांनी धीर धरला होता, पण बाकावर बसल्यावर त्यांना राहवलं नाही.

"ताई, नाही झालं गं माझ्याच्यानं. चार महिने कोंबडीचं हाडसुद्धा तोंडात घातलं नाही, तुझी शप्पथ. पण एक किलोसुद्धा हललं नाही. तू माझ्यासाठी एवढं केलंस आणि मला साधं वजन कमी करता येत नाही."

ताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बारक्या, तुला मान आहे हे मला तीस वर्षांनी दिसतंय, आणि तू म्हणतोस काही हललं नाही?"

"काटा खोटं बोलत नाही."

"मग इतकी वर्षं दुरुस्त काय करतोस?"

तेवढ्यात नर्सनं हाक मारली. शंभरराव काट्यावर चढले आणि डोळे मिटले.

"अठ्ठ्याऐंशी," नर्स म्हणाली.

शंभररावांनी डोळे उघडले, खाली वाकून आकडा पाहिला, आणि नर्सला काही कळायच्या आत गुडघ्यावर बसून खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "बाई, तुमचा काटा बारा किलो मागे आहे. दोन मिनिटांत करतो."

"हात लावू नका! कालच मापं ठेवून तपासलाय तो!"

"कुणी तपासला? मी सोळा वर्षं हेच काम करतो."

नर्सही हट्टाला पेटली. तिनं मनगट धरून त्यांना शेजारच्या खोलीतल्या काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याऐंशी. मग वरच्या मजल्यावरच्या काट्यावर. अठ्ठ्याऐंशी. शेवटी तळमजल्यावरच्या औषधांच्या कोठारात नेलं, तिथल्या माणसानं काट्यावर लोखंडी मापं ठेवून दाखवली, काटा तंतोतंत खरा होता, आणि मग शंभरराव चढले. अठ्ठ्याऐंशी.

ते तिथेच एका खोक्यावर बसले. पार्सल ऑफिस, लाँड्री, दुकानातला काटा, प्रत्येक पिळलेला स्क्रू त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. मग ते ढसाढसा रडले, मग हसले, मग कोठारातल्या माणसाला मिठी मारून जिना एका दमात चढून वर आले.

"ताई, मी अठ्ठ्याऐंशी आहे! कधीचाच कमी होत होतो गं!"

ताईनं त्यांचा हात घट्ट धरला. मग शंभररावांचा चेहरा एकाएकी पडला.

"आता काय?" ताईनं विचारलं.

"ताई, मी अख्ख्या गावाचं वजन वाढवून ठेवलंय."

सगळा प्रकार ऐकून ताई इतकी हसली, की नर्स धावत आली.

शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते. शंभररावांनी गंजलेली मापं घासून-पुसून हातगाडीवर चढवली, आणि एकवीस ठिकाणी जाऊन, एकवीस वेळा कान धरून माफी मागितली. गाडी ओढायला बायको होती. पार्सल ऑफिसातला कारकून म्हणाला, "म्हणजे मी तीन महिने लोकांशी उगाच भांडलो?" शंभरराव म्हणाले, "हो." व्यायामशाळेत जायला त्यांची पाचावर धारण बसली होती, पण मापं ठेवून काटा नीट केल्यावर पहिली बाई चढली, तिचं वजन चांगलं आठ किलोनं घटलेलं निघालं, आणि तिनं अशी किंकाळी फोडली की मास्तर पळत आले. मग रांगच लागली. शेवटी त्या बायकांनी शंभररावांना घेरून रोज काय खाता ते विचारलं, आणि त्यांनी भाजलेल्या वांग्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. तिसऱ्या दिवशी शंभरराव कुशीला हात धरून, पाय ओढत, ताईच्या खोलीत गेले. ती उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावरचा राखाडी रंग गेला होता. डॉक्टरबाई नुकत्याच सांगून गेल्या होत्या, की भावाची किडनी पहिल्या तासापासून काम करतेय, आता भरपूर पाणी प्या.

पाणी! गेली दोन वर्षं ताईला दिवसाला जेमतेम दोन-तीन पेले पाण्याची मुभा होती. उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा जिभेवर धरून दुपार काढायची, आणि त्याबद्दल कुणापाशी अवाक्षर काढायची नाही.

शंभररावांनी पेला काठोकाठ भरून तिच्या हातात दिला. ताईनं तो दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला. मग दुसरा. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोघंही ते पुसत नव्हती. शंभररावांनी तिसरा पेला भरायला घेतला.

"हा तिसरा गं ताई," ते म्हणाले.

"भर," ताई म्हणाली. "आणि मोजू नकोस."