माझेराक साहेबांच्या पायाखालची शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी, पाय शेकायची शेगडी आहे. अक्रोडाच्या लाकडाची चौकोनी पेटी, आत निखाऱ्यांसाठी मातीचं भांडं आणि वर भोकं पाडलेलं पितळी झाकण, एवढंच माझं रूप. ज्यांच्या नावाची शाळा आमच्या गावात आहे आणि ज्यांचं चरित्र तिथल्या मुलांना पाठ करायला लावतात, त्या थोर खगोलशास्त्रज्ञ एव्हारिस्त माझेराक साहेबांचे पाय मी अकरा हिवाळे शेकले. मुलांनी ते चरित्र खुशाल पाठ करावं. तुम्ही मात्र माझं ऐका.

फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यच्या डोंगरातल्या एका सुताराने मला एव्हारिस्तच्या आईसाठी घडवलं. विधवा बाई, लेस विणून मुलाला वाढवत होती. हिवाळ्यात चर्चच्या फरशीवर तिचे पाय बधिर व्हायचे, म्हणून मी तिच्या झग्याखाली असायचे. दर रविवारी ती माझं झाकण राखेने घासून लख्ख करायची. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक म्हणजे तेवढंच. मुलगा हुशार होता, हे मी नाकारत नाही. गणितात पहिला यायचा. पण आपण पहिले आलो हे तो घरात तीनदा सांगायचा, आणि दुसरा कोण आला असं विचारलं की त्याला आठवत नसे.

पॅरिसला शिकून तो आमच्याच डोंगरावरच्या वेधशाळेत नेमणूक घेऊन आला. वर राहायला जाताना आई म्हणाली, "वर फार गारठा असेल रे. ही शेगडी नेतोस का?"

बिचारी म्हणायला म्हणाली. दुसऱ्या कुणी निदान विचारलं असतं, मग तुझ्या पायांचं काय? याने मला काखोटीला मारलं आणि म्हणाला, "बरं झालं, आठवलं तुला." त्या वर्षी म्हातारी पायांना पोतं गुंडाळून चर्चला जात होती म्हणे.

वेधशाळेच्या घुमटात विस्तव न्यायला सक्त मनाई असते. कारण साधं आहे. गरम हवा वर चढते, दुर्बिणीसमोर हलत राहते आणि तारा थरथरताना दिसतो. तशी पाटीच दारावर ठोकलेली होती. बाकीची माणसं कुडकुडत काम करायची. साहेबांच्या मते नियम हे हाताखालच्या माणसांसाठी असतात. वेधशाळेची राखणदारीण झेली रोज माझ्यात निखारे भरायची आणि मला ॲप्रनखाली लपवून वर आणायची.

"साहेब, पाटी वाचलीत ना?" ती विचारायची.

"अगं, ती पाटी मीच मोठ्या अक्षरांत लिहवून घेतलीय. ठेव इथे, आणि वरून कोट टाक."

तिसऱ्या हिवाळ्यात साहेबांना शोध लागला. वृषभ राशीतला एक फिकट पिवळा तारा म्हणे श्वास घेतो! लहानमोठा होतो, थरथरतो! शेजारच्या ताऱ्याकडे दुर्बीण वळवून पाहण्याची तसदी महाशयांनी घेतली नाही. हवा तो तारा सापडल्यावर बाकीचं आकाश कशाला पाहायचं? त्यांनी निबंध लिहिला, पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, आणि साहेब आरशासमोर उभे राहून भाषणाचा सराव करू लागले.

वेधशाळेत सिप्रियाँ लाकोंब नावाचे एक साहाय्यक होते. बावीस वर्षं दुर्बिणीवर काढलेला माणूस. त्यांच्यासारखी नजर आख्ख्या डोंगरावर कुणाची नव्हती. तेही आपल्या पाळीला त्या ताऱ्याकडे पाहायचे, पण नियमाप्रमाणे, विस्तवाशिवाय. एके सकाळी ते साहेबांपुढे येऊन उभे राहिले.

"साहेब, मी सतरा वेळा पाहिलं. तारा स्थिर आहे."

"लाकोंब, वय काय हो तुमचं?"

"अठ्ठेचाळीस."

"मग ताऱ्याला कशाला बोल लावता? डोळे दमले असतील बिचारे."

आठवड्याच्या आत लाकोंबना दुर्बिणीवरून काढलं. घड्याळांना किल्ली द्यायची आणि पावसाचं पाणी मोजायचं, एवढंच काम त्यांच्याकडे उरलं. आकाशावर जीव असलेला माणूस तो! झेली सांगायची की त्यांची बायको रोज त्यांच्याकडून सुईत दोरा ओवून घेते. ते पहिल्या झटक्यात ओवायचे. तरीही आपली नजर गेली, ही भीती त्यांच्या मनातून जाईना.

मग एकदा झेली तापाने पडली. चार रात्री मी वर गेले नाही आणि चार रात्री तारा हलला नाही. पाचव्या रात्री मी गेले, तसा तो थरथरू लागला. साहेबांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला आणि खाली माझ्याकडे पाहिलं. मला उचलून जिन्यात नेऊन ठेवलं, परत पाहिलं. मग मला आत आणलं आणि पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते झेलीला म्हणाले, "निखारे थोडे जास्त घालत जा."

चूक कुणाचीही होते, मित्रांनो. पण त्या रात्रीनंतर ती चूक राहिली नाही. ती लबाडी होती, आणि तिला माझी ऊब लागत होती. या माणसाची मला किळस वाटू लागली ती तेव्हापासून.

पुढे पॅरिसहून दोन विद्वान तपासणीला आले. ट्राउट मासा आणि चीज चापून झाल्यावर ते घुमटात चढले. दोघांनी पाहिलं, दोघांनी माना डोलावल्या. पायाशी ऊब कुठून येतेय, हे दोघांनीही विचारलं नाही. साहेबांनी मुद्दाम लाकोंबना बोलावून घेतलं.

"या, तुम्हीही बघा. दिसलं तर."

लाकोंबनी बराच वेळ पाहिलं. मग टोपी काढून हातात घेतली. "दिसतंय, साहेब. थरथरतोय. माझंच चुकलं. माफ करा."

साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. मी कोटाखाली धुमसत होते. निदान तो कोट तरी पेटायला हवा होता. तोही पेटला नाही.

झेली मला घेऊन उतरली, तेव्हा लाकोंब पायरीवर बसले होते.

"आजवर दिसलं नाही, झेली, मग आजच कसं दिसलं?"

"मला काय कळतंय तुमच्या ताऱ्यांमधलं! पण आज थंडी तरी कमी वाजली असेल. ही बया होती ना कोटाखाली."

लाकोंब माझ्याकडे बघतच राहिले.

वसंतात साहेब संचालक झाले. खालच्या कचेरीत त्यांना भिंतीतली मोठी शेकोटी मिळाली आणि मी अडगळीत पडले. लाकोंबनी सर्वांसमोर माफी मागितली होती, म्हणून मोठ्या मनाने त्यांना दुर्बीण परत देण्यात आली. डिसेंबरात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. मला स्वतः पेटवून वर नेलं आणि नोंदवहीत लिहिलं:

"पायाशी शेगडी ठेवली. माझेराक यांचा तारा थरथरला. ध्रुवही थरथरला. शेगडी खाली नेली. दोन्ही स्थिर."

संचालक रोज सकाळी नोंदवहीवर सही करत. हाताखालच्यांनी लिहिलेलं वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्या नोंदीखाली त्यांनी लफ्फेदार अक्षरांत लिहिलं, "पाहिले. बरोबर आहे." आणि महिन्याची नक्कल पॅरिसला गेली.

पॅरिसने काय केलं म्हणता? त्या दोन विद्वानांनाही तारा थरथरताना दिसला होता ना! मग गवगवा कोण करणार? ताऱ्यांच्या पुढच्या यादीतून तो तारा गुपचूप वगळला आणि साहेबांना एक पदक देऊन घरी बसवलं. आता मी झेलीच्या नातीकडे असते, माझ्यात ती कांदे ठेवते.

मित्रांनो, मला पुसा, घासा असं मी म्हणत नाही. पण एखाद्याच्या नजरेला तुम्ही नावं ठेवली असतील आणि पुढे त्याचंच खरं ठरलं असेल, तर त्याच्याकडे जा आणि "तुझं बरोबर होतं" एवढं त्याच्या तोंडावर सांगा. लाकोंब पुढे नऊ वर्षं जगले. त्यांना ते कुणीही सांगितलं नाही.