सहावा अर्थ

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको. माझ्या सख्ख्या भावाची नोकरी मी घालवली. पाच मिनिटांत, एका शब्दाने. आणि शब्द तरी कुठला, तर ज्याच्यावर मी त्याच आठवड्यात अख्खा दीड दिवस डोकेफोड केली होती.

मी शब्दकोशाचं काम करते. शाळेच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांसकट. सतरा वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, खिडकीला चिकटून माझं टेबल, टेबलावर प्रुफांचे गठ्ठे आणि समोर आमचे साहेब. त्यांना आम्ही मागे ‘पूर्णविराम’ म्हणतो, कारण ते बोलले की विषय संपला. त्या महिन्यात नव्या आवृत्तीचं एस अक्षर चालू होतं. एस म्हणजे डोक्याला ताप. सगळे शब्द मेले तिथेच येऊन बसलेत.

त्यातला एक ‘सिंपल’. लोकांना वाटतं, यात काय एवढं? सिंपल म्हणजे साधा, झालं! अहो, झालं कुठे? सिंपल प्रश्न म्हणजे सोपा प्रश्न. सिंपल कपडे म्हणजे साधे कपडे. माझी एक ठरलेली पद्धत आहे. शब्दाचा अर्थ लागत नसेल तर त्याच्यासमोर विरुद्धार्थी शब्द उभा करून बघायचा. सोप्यासमोर कठीण उभा राहतो, साध्यासमोर भपकेबाज. पण ‘सिंपल माणूस’ म्हटलं की समोर दोघं येऊन उभे राहतात, एक लबाड आणि एक हुशार. लबाडाच्या उलट तो निष्कपट, सरळ, नाकासमोर चालणारा. आणि हुशाराच्या उलट तो मंद. म्हणजे एकाच शब्दाने माणसाची पाठ थोपटता येते आणि त्याच शब्दाने कानाखाली वाजवताही येते. जुन्या आवृत्तीत या शब्दाचे सहा अर्थ नुसते ओळीने छापले होते. मी नव्या आवृत्तीत खाली टीप घातली, ‘व्यक्तीबद्दल वापरताना जपून.’ पूर्णविराम मान हलवत म्हणाले, “छान.” मी दिवसभर फुशारून बसले होते.

आणि तीनच दिवसांनी दादा आला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाटल्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं यंत्रांचे पट्टे आणि मोटारी सांभाळायचा. कारखाना दुसऱ्या गावी हलला आणि हा घरी बसला, त्याला नऊ महिने झाले होते. त्यात घरमालकाने घर विकायला काढलं. दोन महिन्यांत जागा रिकामी करा, म्हणाला. अशात एका शाळेची जाहिरात आली. इमारतीची देखभाल करणारा माणूस हवा. पाण्याचे पंप, विजेची बटणं, आगीची घंटा, सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या. आणि मुख्य म्हणजे शाळेच्या मागे राहायला दोन खोल्या. नोकरीही आणि डोक्यावर छप्परही. वहिनी तर मनातल्या मनात तिथे पडदेसुद्धा लावून आल्या होत्या.

अर्जासोबत दोन शिफारसपत्रं हवी होती, इंग्रजीत. एक कारखान्याच्या मॅनेजरने दिलं होतं. दुसरं अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या, नोकरीत असलेल्या माणसाचं. नातेवाईक चालेल, तसं नमूद करावं, असं अर्जावरच छापलं होतं.

“आत येऊ का, छोटे?” दादा दारातून म्हणाला. सत्तेचाळीस वर्षांची झाले तरी मी त्याची छोटीच. आणि बहिणीच्या टेबलाशी यायलाही हा परवानगी मागणार!

“ये की. पण मला आज श्वास घ्यायला फुरसत नाही हं. काय हवंय?”

मग तो थांबला. दादाचं हे असंच आहे. त्याला काही विचारलं की तो आधी प्रश्न चहूबाजूंनी बघून घेतो, मग उत्तर देतो. लहानपणी आम्ही भावंडं तोवर बोटांवर दहा मोजायचो आणि खुसुखुसु हसायचो. बाबा त्याला भोळा सांब म्हणायचे. माझ्याबद्दल काका म्हणायचे, देव अक्कल वाटायला बसला तेव्हा ही पोरगी दोनदा रांगेत उभी राहिली. सगळे हसायचे, दादा सगळ्यांत मोठ्याने हसायचा. मला ते अजूनही खरंच वाटत होतं, म्हणजे काकांचं म्हणणं.

त्याने अर्ज पुढे केला आणि काय हवं ते हळूहळू सांगितलं. मी निम्म्यातच पत्र टाइप करायला घेतलं. कामसू आहे. वक्तशीर आहे. निर्व्यसनी आहे. मी जन्मल्यापासून याला ओळखते, मी याची बहीण. खाली एक ओळ मोकळी राहिली. इतक्यात पूर्णविरामांनी खाकरून घड्याळाकडे पाहिलं. मी टाइप केलं, ‘ही इज अ सिंपल मॅन.’ सही ठोकली, ऑफिसचा शिक्का मारला आणि कागद त्याच्या हातात दिला.

“काय लिहिलंस?” त्याने विचारलं.

“चांगलंच लिहिलंय रे बाबा. वाईट लिहीन का मी तुझ्याबद्दल? जा आता.”

त्याने कागद उन्हाकडे धरून वाचला, ओठ हलवत. मग नीट घडी घालून पाकिटात ठेवला आणि पायऱ्या उतरून गेला. मी पुढच्या शब्दाकडे वळले.

पंधरा दिवसांनी कळलं, दादाला घेतलं नाही. वहिनींनी शाळेच्या नावाने बोटं मोडली. “वन्सं, यांच्याएवढा हाताचा पक्का माणूस मिळणारे का त्यांना? वशिल्याचा कुणीतरी भरला असणार मेला!” मी पण त्यांच्या सुरात सूर मिसळला. हल्ली सगळीकडे असंच चालतं, म्हटलं. दादा वर्तमानपत्रातल्या जागांच्या जाहिराती पेनाने खुणा करत बघत होता.

पुढच्या आठवड्यात मला त्याच शाळेत जावं लागलं, आमच्या कोशाचा नमुना दाखवायला. पूर्णविरामांनी पाठवलं, मग काय! मुख्याध्यापिका बाई स्वतः इंग्रजी शिकवणाऱ्या. आधी दहा मिनिटं कोशाबद्दल बोलल्या. मग माझं नाव वाचून एकदम म्हणाल्या, “म्हणजे ते पत्र तुमचंच की! मला तुमचे आभार मानायचे होते.”

“माझे? कशाबद्दल?”

“तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल. घरचं माणूस इतकं खरं लिहीत नाही हो. सगळे आपल्या माणसाला आकाशात नेऊन बसवतात. तुम्ही सभ्य शब्दात स्पष्ट सांगितलंत. आणि कोशकार म्हटल्यावर शब्द तोलूनच वापरला असणार.”

कुठला शब्द ते विचारायची गरजच नव्हती.

“खरं सांगू?” बाई म्हणाल्या. “माणूस मला आवडला होता. मी त्यांना विचारलं, तळघरात पाणी शिरलंय आणि वीज चालू आहे, तर आधी काय कराल? ते गप्पच बसले. बराच वेळ. समोर तुमचं पत्र होतं. म्हटलं, बहीण म्हणते ते हेच. नंतर त्यांनी उत्तर दिलं, बरोबर दिलं, पण चारशे मुलांची इमारत आहे हो. मला धोका घेता येत नाही.”

“अहो, तो विचार करत होता!” मी जवळजवळ ओरडलेच. “तो आधी विचार करतो, मग बोलतो. कारखान्यात बावीस वर्षांत त्याच्या पट्ट्यावर एकाचंही बोट गेलेलं नाही!”

हे सगळं मला माहीत होतं. पत्र लिहिताना माहीत होतं.

“मग तुम्ही थॉटफुल का नाही लिहिलंत?” बाई म्हणाल्या. टोमणा नव्हता. शिक्षिका विचारते तसं विचारलं त्यांनी. “नाहीतर केअरफुल. नाहीतर ऑनेस्ट. सरळ म्हणायचं होतं तर स्ट्रेटफॉरवर्ड. तुमच्याकडे शब्दांना काय तोटा?”

मी म्हटलं, घाईत होते. म्हटलं, मराठीत आम्ही साध्या माणसाला मोठा मान देतो, त्या अर्थाने लिहिलं. म्हटलं, अजून काही करता येईल का, मी दुसरं पत्र देते, आत्ता इथे बसून लिहून देते. बाईंनी मान हलवली. नवा माणूस सोमवारीच कामावर आला होता. सामानही आणलं होतं त्याने. बाहेर पडताना मला त्या मागच्या दोन खोल्या दिसल्या. दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते.

मग आठ दिवस मन खात राहिलं. जेवण गोड लागेना. घाई होती, हे मी स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं. पण पूर्णविरामसुद्धा उत्तर द्यायला तेवढाच वेळ लावतात. त्यांच्या सत्काराच्या वेळी मी काय लिहिलं होतं? ‘डेलिबरेट’, म्हणजे सावकाश, तोलून-मापून बोलणारा. दोन दिवस शोधून काढलेला शब्द. त्यांना तो आणि दादाला हा. घाईत हात जातो तो जे मनात वरच्या फळीवर असतं त्याच्यावर. माझ्या मनात दादा वरच्याच फळीवर होता, फक्त कुठली चिठ्ठी लावून, ते मी कधी पाहिलं नव्हतं. मला माझीच शिसारी आली.

रविवारी त्याच्या घरी गेले. वहिनी नव्या जागेची झाडलोट करायला गेल्या होत्या. नवी जागा म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाची एक खोली. एकच. दादाची मुलगी आता तिच्या मामाकडे राहून शिकणार होती, कारण तिचं टेबल तिथे मावत नव्हतं. दादा भांडी कागदात गुंडाळून खोक्यात भरत होता. प्रत्येक भांडं वेगळं, कागदाच्या कडा दुमडून.

“दादा, ऐक. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली,” मी उभ्याउभ्याच म्हटलं. बसले असते तर जीभ कचरली असती. मग सगळं ओकले. पत्र, शब्द, बाई काय म्हणाल्या. “मला साधा, सरळ असं म्हणायचं होतं रे. त्यांनी भलताच अर्थ काढला. पण मी लिहायलाच नको होतं ते.”

दादाने हातातली वाटी गुंडाळून पुरी केली.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“त्या शब्दाचं. कोशात बघितला मी. तूच दिला होतास ना पोरीला, जुना. म्हटलं, मुलाखतीत विचारतील, तुमची बहीण असं का म्हणते, तर बघून ठेवावं. सहा अर्थ आहेत. सहावा, मंदबुद्धी.”

“अरे मग दिलंस कशाला ते पत्र!” माझा आवाज चढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी मी त्याच्यावरच चिडत होते. “फाडून टाकायचंस! माझ्या तोंडावर आणून फेकायचंस! एक फोन करता येत नव्हता तुला?”

तो विचार करत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“शाळेसमोर बाक आहे एक. तिथे बसलो होतो अर्धा तास,” तो म्हणाला. “फोन काढला होता. मग वाटलं, छोटी म्हणेल, साधा असा अर्थ आहे रे. मला बरं वाटावं म्हणून म्हणेल आणि दुसरं लिहून देईल. पण सही तुझी, शिक्का ऑफिसचा. तुला खोटं लिहायला लावायचं, हे बरं नव्हे. तू शब्दांचंच काम करतेस. तू लिहिलंस ते विचार करूनच लिहिलं असशील.”

मला रडू फुटलं. तो उठला नाही. पाणीही दिलं नाही. माझं रडणं ओसरेपर्यंत थांबला.

“एक विचारू?” तो म्हणाला. “त्या सहांतला कुठला धरला होतास तू?”

‘निष्कपट’ हा शब्द माझ्या ओठांवर तयार होता. चौथा अर्थ. मी तो म्हटला असता तर त्याने मान्य केलं असतं, आणि आम्ही दोघांनी मिळून खोकं बांधलं असतं, आणि वहिनींना कधीच काही कळलं नसतं. कोण पडताळून बघणार होतं?

“सहावा,” मी म्हटलं.

“लहानपणापासून?”

“हो, दादा.”

त्याने खोक्याची झापडं मिटवली आणि वरून दोनदा हात फिरवला.

“मग बरं झालं मी फोन नाही केला,” तो म्हणाला, आणि खोकं उचलायला दुसरीकडून धर, अशी मला मानेनेच खूण केली.