ठाण्यातलं गाऱ्हाणं

मी पोलीस ठाण्यातला बाक बोलतोय. निदान मला तसं वाटतं. माझा जन्म फणसाच्या लाकडातून झाला आणि उमेदीची वर्षं कणकवलीच्या एका कॉलेजात, तत्त्वज्ञानाच्या वर्गात गेली. तिथे इतकी व्याख्यानं ऐकली, की कशाबद्दलच नक्की काही बोलवेना. पुढे कॉलेजात नवं फर्निचर आलं, मी भंगाराच्या टेम्पोत चढलो आणि कसा कोण जाणे, किनाऱ्याजवळच्या या ठाण्यात उतरलो.

इथे येणारा प्रत्येक जण माझ्यावर बसताना आधी इकडेतिकडे बघतो, ओळखीचं कुणी नाही ना म्हणून. ओळखीचं कुणीतरी असतंच. तोही तसाच बघत असतो.

दीपिका आली ती सकाळी. नवऱ्याने, सिद्धेशने, काठीने मारलं होतं. दंड सुजलेला. आज तक्रार लिहिली गेली नाही, तर संध्याकाळी त्याच घरात परत जायचं होतं. महिला पोलीस पूजा मॅडमनी पाणी दिलं, कागद काढला, आणि एवढ्यात सासरची वरात आली: सिद्धेश, त्याची आई विमला आणि गावचे मानकरी दाजी, हातात नारळ घेऊन. सगळे माझ्यावर बसले. माझ्या वयाचा विचार कुणी केला नाही.

सिद्धेश म्हणाला, ती विहिरीच्या पायरीवरून घसरली. ठाण्याचे साहेब आतूनच म्हणाले, घरच्या घरी मिटतंय का बघा. दाजींना हुरूप आला. आमच्याकडे लग्न असो की नवी होडी, आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा. दाजी नारळ धरून ठाण्यातच उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, ह्या सुनेच्या डोक्यातलो राग काढ आणि तिका परत घराक हाड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. कोपऱ्यातला हवालदारसुद्धा. सवय.

मला वाटलं, संपलं. मला नेहमीच तसं वाटतं. पण दीपिका उठली आणि तिने दाजींच्या हातातला नारळ घेतला.

“बा देवा म्हाराजा, ह्या सिद्धेशान माका काठयेन मारल्यान. तेची तक्रार आज लिवन जावंदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

सगळ्यांत मोठा आवाज सिद्धेशचा होता.

पूजा मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हा काही पुरावा नव्हे. पण तक्रार मी लिहून घेतेय.”

त्या तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दाजी आणि सिद्धेश व्हरांड्यात जाऊन चूक कुणाची यावर भांडत बसले. दार अर्धं उघडं होतं, म्हणून सांगतो: सगळं सांगायला वेळ लागला. मधे रडू आलं, चहा आला. मग लिहिलेलं वाचून दाखवलं. ‘किरकोळ वादातून’ हे शब्द दीपिकाने खोडायला लावले, तेव्हाच सही केली. प्रत फुकट मिळाली. सिनेमातलं काहीच झालं नाही. सिद्धेशला बेड्या पडल्या नाहीत, चौकशीला हजर राहायची नोटीस मिळाली. पूजा मॅडमनी घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना फोन लावला आणि दीपिकाला तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून ती देवगडला बहिणीकडे जाणार होती. त्या घरात नाही.

जीप गेली. सिद्धेशने दारातून हाक मारली, “आये, चल.”

“तू हो फुडे,” विमलाकाकी म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी पदराआड मनगट चोळलं आणि हवालदाराला हळूच विचारलं, “जुन्या माराचा पन लिवन घेतत काय रे?”

हवालदार गडबडला, मग खुर्ची ओढून जवळ बसला. “घेतात, काकी. सांगा.”

त्या अजून माझ्यावर बसल्या आहेत. चहा निवतोय. बोलतील की नाही, मला सांगता येणार नाही. पण वाचकहो, एवढं करा, त्यांना कुणी घाई करू नका.