बसली म्हणून जोडलेली वायर

मी एक वायर आहे. काळी, हातभर लांब, कॉम्प्युटरच्या पोटात राहणारी. वीज पुरवणाऱ्या पेटीतून, म्हणजे पॉवर सप्लायमधून, वीज घ्यायची आणि डिस्कला पोचवायची, एवढंच माझं काम. बोलायची सवय नाही मला, आणि खरं सांगायचं तर तोंड दाखवायचीही लाज वाटते. पण आज सांगूनच टाकते.

एका पॉवर सप्लायच्या खोक्यातून, त्याच्याच सोबतीनं, मी अमरावतीला निखतच्या दुकानात आले. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचं दुकान ते. कॉम्प्युटर जोडला तिच्या वडिलांनी, रऊफचाचांनी. पूर्वी ते गाद्या शिवायचे. त्यांनी आम्हा सगळ्या वायरी गादीच्या पांढऱ्या दोऱ्यानं अशा आवळून बांधल्या, की सहा वर्षांत एक इकडची तिकडे झाली नाही. निखत येणाऱ्या-जाणाऱ्याला कॅबिनेट उघडून दाखवायची. मी तेव्हा भारी मिरवायचे.

निखत कामाची पक्की. प्रत्येक लग्न दोन डिस्कवर ठेवायची. "एक गेली तं दुसरी हाये," म्हणायची. दोन्ही डिस्कना वीज मात्र मीच द्यायचे. याचा विचार तिनं केला नव्हता, आणि मी तरी कुठं केला?

त्या वर्षी सलग दुसरा दुष्काळ होता. घरोघरी मांडव घालणं परवडेना, म्हणून तिवशाला एकाच मांडवात एकेचाळीस जोडप्यांची लग्नं लागली. शूटिंग निखतनं केलं. चार दिवसांनी एक बाई एसटीनं दुकानात आली. मनकर्णाबाई, त्यातल्याच एका नवरीची, गोदावरीची आई.

"माह्या पोरीचा व्हिडिओ कधी भेटन?"

"वेळ लागते मावशी. एकेचाळीस हायेत."

"लागू दे. पण भेटन ना? मी विधवा बाई. माळ घालतानी पुढं उभं राहू नये, म्हणून मांडवाच्या मागं खांबाआड जाऊन उभी राहिली. कोनं म्हटलं नाही मले, मीच गेली. पोरीच्या गळ्यात माळ पडली ते मले दिसलंच नाही."

निखतनं तिला पाणी दिलं आणि शब्द दिला, आठ दिवसांत देते म्हणून.

त्या शब्दापायीच सगळी घाई झाली. जुनं मशीन एकेका व्हिडिओला रात्र खायचं, म्हणून निखतनं नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. त्याला वीज जास्त लागते. जुना सप्लाय पुरेना, म्हणून तोही बदलला. नवा आला दुसऱ्या कंपनीचा. त्याच्या स्वतःच्या वायरी पिशवीत होत्या. कार्डासाठी निखतनं त्यातलीच नवी वायर घेतली. माझ्यापाशी आली आणि तिचा हात थांबला. मला काढायचं तर वडिलांच्या गाठी कापाव्या लागणार होत्या.

शेजारी बसलेले चाचा म्हणाले, "रहने दे बेटा. चल रही है तो निकालती कायको?"

निखतनं माझं टोक नव्या सप्लायमध्ये घालून पाहिलं. बसलं. टक्कन बसलं, जसं काही मी तिथलीच.

माझी लाज ती हीच. डिस्ककडचं माझं तोंड सगळीकडे सारखं असतं. सप्लायकडच्या तोंडात मात्र कुठली वीज कुठल्या भोकातून सोडायची, ते प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं ठरवते. रॉकेलची आणि पाण्याची बाटली दिसायला सारखीच, तशातली गत. मी जरा अडले असते तरी निखतनं विचार केला असता. मी मेली अडलेच नाही.

तिनं बटण दाबलं. नव्या कार्डाचे पंखे फिरले, निखत हसली. आणि जिथं पाच व्होल्ट द्यायचे तिथं मी बारा नेऊन ओतले, दोन्ही डिस्कना एकाच वेळी. बारीकसा आवाज आला, मग जळका वास. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी आधीच पुसून झाली होती. अकोल्याच्या एका जाणकारानं दोन्ही डिस्क उघडून पाहिल्या, घात वायरीनं केल्याचं सांगितलं आणि आता काही निघणार नाही म्हणून हात जोडले.

आठव्या दिवशी मनकर्णाबाई ठरल्याप्रमाणे आली. ती यायच्या आधी चाचांनी पोरीला सांगून ठेवलं होतं, "बोल दे लाईन ने उडाया. कौन पूछता है?"

खरंच कुणी विचारलं नसतं. आमच्याकडे पंखा जळो की मोटर जळो, नाव विजेच्या लाईनीचंच. निखतनं खाली मान घालून तेच सांगितलं. मनकर्णाबाईनं उठून निखतच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे माय. लाईनीपुढं कोनाचं चालते? आमच्या गावात दोन मोटरी जयल्या. तुह्यी काय चुकी त्यात?"

रुखवतातल्या उरलेल्या कुरोड्या तिनं निखतसाठी आणल्या होत्या. ती पिशवी टेबलावर ठेवून ती गेली. चुकी तर समोर कॅबिनेटात बसली होती, पांढऱ्या दोऱ्यात बांधलेली. मला वितळून जावंसं वाटलं.

त्या कुरोड्या निखतच्या घरी कुणी तळल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनं दोरा कापला, मला अंगावरच्या गाठींसकट उपसून काढलं, पर्समध्ये टाकलं आणि तिवशाची एसटी धरली.

"मावशी, लाईन नव्हती ते. मी खोटं बोलली," मनकर्णाबाईच्या ओसरीवर बसून तिनं सांगितलं. "ही जुनी वायर मी न पाहता नव्या सप्लायले जोडली. माह्याच हातानं जयलं सारं."

मनकर्णाबाईनं मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. आधी तिच्या आड मांडवाचा खांब आला होता, नंतर मी आले.

"हिले पाहून मी काय करू?" ती म्हणाली. "क्यामेरा तं तुह्याच हाती होता. तुले दिसलं असन. सांग, माळ पडली तवा माह्यी पोरगी हासत होती का रडत होती?"

हसत होती म्हटलं असतं तर बाई सुखावली असती, आणि पडताळायला आता काही उरलं नव्हतं. मला वाटलं, ही आता पुन्हा खोटं बोलणार.

"हासतबी नव्हती अन् रडतबी नव्हती," निखत म्हणाली. "एकेचाळिसातली तेवढीच आठवते मले. सारखी मांडवाच्या मागं पाहून राहिली होती, खांबाकडं. मी दोनदा वरडली, नवरीबाई, इकडं क्यामेऱ्यात पाहा. तिनं इकडं तोंड केलं अन् तेवढ्यात माळ पडली."

"खांबाकडं?"

"हो मावशी."

"मंग मलेच पाहून राहिली होती ते."

मनकर्णाबाईनं मला हळूच खाली ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली. दोन कप चहाला फार वेळ लागला.

आता माझ्या जागी पिशवीतली नवी वायर आहे आणि मशीन झकास चालतं. चाचा म्हणतात, हिला वायरींच्या डब्यात टाक, कधीतरी कामी येईल. मला त्या डब्याचीच धास्ती आहे. तुमच्याही घरी असा डबा असेलच. बाबांनो, टोक बसतंय म्हणून वायर जोडू नका. ती कोणत्या सप्लायसोबत आली ते आधी पाहा, आणि ठाऊक नसेल तर राहू द्या.

निखतनं आज माझ्या गाठी नखानं एकेक सोडवल्या आणि दोरा चाचांच्या हातात दिला. आता ती कात्री शोधतेय. दोन्ही तोंडं काप, पोरी. मला आता कुठंच बसायचं नाही.