खिडकीवरची गादी

विंझरच्या रत्नाचा गळा गोड, हे आधी फक्त तिच्या माहेरच्या आंबवड्याला ठाऊक होतं. मग तिनं हळदीची दोन गाणी मोबाईलवर टाकली आणि लगीनघरांचे फोन सुरू झाले. नवऱ्याच्या, गोरखच्या टेम्पोतून एक दिवस माईक आला, हेडफोन आला आणि घरातली कडेची खोली रत्नाचा स्टुडिओ झाली.

अडचण होती ती खोलीच्या खिडकीची. ती उघडायची थेट शेजारच्या कोंडिबांच्या अंगणात. रत्नानं तान घ्यावी आणि त्यांच्या कोंबड्यानं वरची तान मारावी, हे रोजचंच. ‘कोंबडा आवरा’ म्हणायचीही सोय नव्हती. रत्नाचे सासरे गेनबा आणि कोंडिबा यांचं पागोळ्यांच्या पाण्यावरून वाजलं होतं. यांच्या पत्र्याचं पाणी त्यांच्या अंगणात पडायचं, एवढीच कुरापत. पण तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. बायकांनाही सक्त ताकीद.

शेवटी रत्नानं खिडकी बुजवायचं ठरवलं. कुणीतरी सांगितलं म्हणून आधी अंड्यांचे ट्रे चिकटवून पाहिले. कोंबड्याला ते घरचंच वाटलं असावं, तो दुप्पट जोरानं आरवायला लागला. मग गोरखनं भोरच्या एहसानभाईंकडून पुरुषभर उंचीची, कापसानं गच्च भरलेली गादी करून आणली. खिडकीला प्लायवूड, फटींना रबराची पट्टी, आणि त्यावर ती गादी उभी बांधून टाकली.

सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, आकांत मांडला. “खिडकी बुजवली की घराचा जीव गुदमरतोय गं!” दोन दिवस त्या नीट जेवल्यासुद्धा नाहीत. पण आठवडाभरात त्यांचा सूर असा पालटला, की रत्ना बघतच राहिली.

“रत्ने, दाराखाली फट ऱ्हायलीय बघ. तिथं बी रबर लाव.”

कोडं सुटलं ते एका दुपारी. रत्ना घाईघाईत रेकॉर्डिंग चालूच ठेवून गिरणीत गेली. परत येऊन हेडफोन लावला, तर तिचं गाणं संपल्यावर दार वाजलं आणि आवाज आला कोंडिबांच्या बायकोचा, धोंडाबाईंचा.

“खिडकीतनं कुजबुजून घसा बसला हुता बया. हितं बरं हाय.”

“मोठ्यानं बोल की,” सगुणाबाई म्हणाल्या. “हितं बोंबललं तरी भायेर मुंगीला कळत न्हाई.”

मग दोघींनी आपापल्या म्हाताऱ्याची अशी सालं काढली, की रत्नाला पदर तोंडात कोंबावा लागला. पुढं तिचाही नंबर लागला. “सून गुणाची हाय गं,” सगुणाबाई म्हणत होत्या, “पर भाकरी करती का नकाशा, तेच कळत न्हाई.” रत्नाला राग आला खरा, पण तिनं ते सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकलं.

ती कुणाला काही बोलली नाही. उलट दुपारी गिरणीत मुद्दाम वेळ काढू लागली. एकदा खोलीत भाजलेल्या शेंगांचा डबा ‘विसरून’ गेली. परत आली तेव्हा डब्यात नुसती टरफलं.

आणि मग एके दिवशी वेल्ह्याला निघालेले गेनबा एस.टी. चुकली म्हणून माघारी आले आणि ओट्यावर बसले. खोलीचं दार त्यांच्या अगदी समोर. गिरणीतून परतलेल्या रत्नानं ते पाहिलं. पलीकडून कोंडिबांची हाक आली, “अगं, कुठं गेलीस? चहा ठेव की!” आत कुणाला ऐकू जाईल तर शपथ. गादी भलतीच चांगली निघाली होती.

रत्ना खोलीत शिरली. दोघी एकमेकींना टाळ्या देत हसत होत्या.

“आत्या, मामा आलेत. ओट्यावर बसलेत.”

सगुणाबाई पांढऱ्याफटक पडल्या. धोंडाबाई उठल्या. “मला खिडकीतनं काढा.”

“गज हायेत, काकू.” रत्नानं इकडंतिकडं पाहिलं आणि खिडकीवरची गादी सोडवायला घेतली. “डोकं घाला हिच्याखाली. वाकून चला. आत्या, तुमी आतच ऱ्हावा.”

गादी दाराबाहेर पडली. पुढं रत्ना, मागं गादीखाली धोंडाबाई. दोन्ही बाजूंनी गादी लोंबत होती, झाकपाक छान झाली होती. पण सगुणाबाईंना आत दम धरवेना. त्या लगबगीनं मागून आल्या आणि म्हणाल्या, “दमट झालीय, उन्हात टाकतो.”

गेनबांनी मान वर केली. “फुडं रत्ना. हितं तू. मंग मागं कोण हाय?”

गेनबांची नजर गादीखालून दिसणाऱ्या पावलांवर गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. पलीकडून पुन्हा “चहा!” अशी आरोळी आली. गेनबांनी मिशीवरून हात फिरवला.

“आपल्या अंगणात सावली हाय,” ते म्हणाले. “पलीकडं टाका. तिकडं ऊन बरं हाय.”

गेनबांचं अंगण उन्हानं नुसतं भाजत होतं. रत्ना मुकाट्यानं वळली. गादी आपल्या अंगणात येताना बघून कोंडिबा वाटेतच उभे राहिले.

“ही कुणाची?”

“आमची, तात्या. मामांनीच धाडलीय.”

“गेनबानं? माझ्याकडं?”

“बाजूला व्हा की,” गादीतून आवाज आला. “मान मोडली माझी!”

कोंडिबा बाजूला झाले.

उन्हं कलल्यावर ते स्वतःच गादी डोक्यावर घेऊन आले. मागोमाग धोंडाबाई, आता उघडपणे. गेनबांनी उठून दुसरं टोक धरलं.

“जड हाय,” कोंडिबा म्हणाले.

“कापूस दाबून भरलाय.”

एवढंच बोलून दोघे गादी बांधायला आत गेले आणि दार लागलं. बाहेर तिघी बायका वाट बघत उभ्या राहिल्या. दोघं भांडतायत का बोलतायत, काही उमगेना. धोंडाबाईंनी दाराला कान लावला, मग सगुणाबाईंनी लावला.

“काय गं हे रत्ने,” सगुणाबाई चिडून म्हणाल्या, “इतकं घट्ट कुणी करतं व्हय!”

तेवढ्यात दार किलकिलं झालं. गेनबांनी डोकं बाहेर काढलं.

“दोन कप चहा आत द्या,” म्हणाले आणि दार पुन्हा ओढून घेतलं.